पाचवा सिलिंडर

गाडी बघायला गिऱ्हाईक शनिवारी येणार होतं, म्हणून थॅड बुधवारी दुपारीच बहिणीकडे गेला. काम साधं होतं. मेहुण्याची गाडी धुवायची, काचा पुसायच्या, सीटवरून ओलं फडकं फिरवायचं आणि अंधार पडायच्या आत घर गाठायचं. डिसेंबरात डेट्रॉइटकडे दिवस असतोच कितीसा? पाच वाजत नाहीत तो दिवे लावावे लागतात. त्यात थॅडचे गुडघे. उभा जन्म इंजिनांच्या कारखान्यात, सिमेंटच्या फरशीवर उभं राहून घालवलेले गुडघे ते. आता जिना नुसता दिसला तरी कुरकुरायला लागत. अलीकडे त्याला सगळ्याचाच कंटाळा यायचा. रांधायचा, दाढी करायचा, आणि मित्रांच्या मयतीला जायचा तर फारच.

शेवटची मयत कॅझची झाली. कॅझ म्हणजे त्याच्या बहिणीचा, लोरेनचा नवरा. त्याची ती एकोणसत्तर सालची लाल पॉन्टिऍक त्याच्या लग्नाच्याही आधीची. "या घरात सवत कोण, मी की ती, हे मला अजून कळलेलं नाही," असं लोरेन लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला म्हणायची आणि कॅझ प्रत्येक वेळी हसायचा. पण गाडीत तिला काडीचा रस नव्हता. तिच्या लेखी गाडी म्हणजे चार चाकं, एक छत आणि खूप आवाज.

आवाजासाठीच तर ही सगळी म्हातारी मंडळी जीव टाकत. उन्हाळ्यात दर शनिवारी सकाळी वुडवर्ड रस्त्यावरच्या एका खानावळीच्या आवारात त्यांच्या गाड्या ओळीने लागत. बॉनेट उघडी टाकून, मागे घडीच्या खुर्च्या मांडून, हातात कॉफी धरून ती बसत आणि तरुणपणीच्या गोष्टी काढत. कोणत्या सिग्नलला कोणी कोणाला मागे टाकलं, कोणाच्या गाडीच्या आवाजाने चर्चची काच थरथरली, कोणाच्या बापाने किल्ली काढून घेतली. दरवर्षी त्या गाड्या आठवणीत थोड्या थोड्या जास्त वेगाने पळत. मध्येच कोणीतरी इंजिन चालू करी आणि सगळे गप्प होऊन, देवळात बसल्यासारखे ऐकत. थॅडकडे तसली मिरवायची गाडी कधीच नव्हती, पण कान होते. डोळे मिटून बसायचा आणि कितव्या सिलिंडरमध्ये काय दुखतंय ते सांगायचा. त्यामुळे त्या टोळक्यात त्याला मान होता.

कॅझच्या इंजिनात काय दुखतंय ते तो तीन वर्षं सांगत होता.

"मेहुण्या, पाचवा सिलिंडर मिसिंग मारतोय तुझा, मधूनच पेटत नाही. प्लगच्या वायरची टोपी सैल झालीय. दाबून बसव, दोन मिनिटांचं काम आहे."

"हात लावशील तर बोटं कापीन," कॅझ म्हणायचा. "इंजिन ठणठणीत आहे. तुझ्या कानात मळ साठलाय."

"लंगडतंय ते."

"लंगडू दे. तूही लंगडतोस, तुला कोणी भंगारात दिलं का?"

असं चालायचं. हट्टाने कॅझने शेवटपर्यंत ती टोपी दाबली नाही. सप्टेंबरात त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. बाहेर जेवायला जायचं होतं. कॅझ कोट घालून गॅरेजमध्ये गेला, इंजिन तापवत ठेवलं आणि लोरेनला हाक मारली. ती कानातलं शोधत होती. ते सापडून ती बाहेर आली तेव्हा कॅझ स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता आणि इंजिन तसंच लंगडत चालू होतं. ते शेवटी थॅडनेच येऊन बंद केलं. दफनाच्या दिवशी मंडळींनी रिवाजाप्रमाणे दफनभूमीच्या फाटकाशी सगळ्या गाड्या उभ्या जागी एकदम रेस केल्या, आणि एकदम बंद केल्या. त्या शांततेत थॅड पोरासारखा रडला होता.

नंतर त्याने लाल गाडीची टाकी रिकामी केली, बॅटरी काढून स्वतःच्या घरी नेऊन ठेवली. उभ्या गाडीची तेवढी काळजी घ्यावीच लागते.

लोरेनने दार उघडलं तेव्हा तो तिच्याकडे बघतच राहिला. बाई वाळून गेली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"जेवतेस की नाही?"

"जेवते रे. झोप नाही." तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली, कालचे पियेरोगी, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, तव्यावर परतून दिले. मग समोर बसून, टेबलावरचे कण बोटाने गोळा करत, हळूच म्हणाली, "थॅड… ती रोज चालू होते."

"कोण?"

"गाडी. संध्याकाळी. त्याने मला हाक मारली ना, त्या वेळेला."

थॅडने चावायचं थांबवलं. "बॅटरी माझ्या घरात आहे, लोरेन. टाकीत थेंब नाही."

"मला काय कळतं त्यातलं? चालू होते एवढं खरं. थोडा वेळ धडपडते, खोकते आणि बंद पडते. मग पुन्हा. जीव नाही बिचारीत." ती जराशी हसली. ते हसू थॅडला आवडलं नाही. "आधी मी उशी कानावर घेऊन बसायची. आता वाईट वाटतं. तो थांबलाय तिथे, आणि गाडी काही त्याला निघू देत नाही."

"शनिवारी विकली की सगळं थांबेल."

"हो का?" ती म्हणाली. "बघ बाबा."

एकटेपणाने डोकं फिरलंय हिचं, असं मनाशी म्हणत थॅड बादली घेऊन गॅरेजमध्ये गेला. बाहेर बर्फ भुरभुरायला लागला होता. गॅरेजच्या एकुलत्या खिडकीतून राखाडी उजेड येत होता. त्याने गाडीवरचं कापड काढलं. लाल रंग त्या उजेडात काळसर दिसत होता. छत धुऊन झालं, दारं झाली. फडकं पिळायला तो वाकला आणि त्याच्या नाकाला वास लागला. जळलेल्या पेट्रोलचा, गरम तेलाचा, ताजा वास.

मग आवाज आला.

स्टार्टर फिरल्याचा नव्हे. इंजिन आधीपासूनच चालू असावं आणि आपल्यालाच आता ऐकू यावं, तसा तो आला. खोल, दबलेला, जागच्या जागी घुमणारा. थॅडच्या हातातलं फडकं पडलं. गाडी तसूभरही हलत नव्हती. मागच्या नळीतून धूर नव्हता. त्याने बॉनेट उचललं. पंखा स्थिर. पट्टा स्थिर, त्यावर धूळ. बॅटरीच्या जागी रिकामी पत्र्याची चौकट. आणि त्या निश्चल लोखंडातून ऊब येत होती, आणि आवाज.

पळावं असं त्याला वाटलं, खरंच वाटलं. पण पळायच्या आधी कानांनी आपलं काम केलं. धप् धप् धप् धप्… फुस्. धप् धप्… फुस्. पाचवा. अजूनही पाचवाच. आवाज धापा टाकत होता, खाली खाली जात होता, आणखी क्षणभरात बंद पडणार होता.

शेजारच्या माणसाच्या कोटाची उलटी कॉलर आपण सरळ करतो, तितक्याच सहज थॅडचा हात पुढे गेला. डावीकडची, पुढून तिसरी वायर. तिची टोपी चाचपली आणि अंगठ्याने दाबली. टक् करून ती बसली.

आवाज भरला. आठही सिलिंडर एका सुरात लागले आणि गॅरेजच्या भिंती गुरगुरल्या. असं सुरेख इंजिन थॅडने सत्तर सालानंतर ऐकलं नव्हतं. एक क्षण, लाज वाटावी असा एक क्षण, त्याला नुसता आनंद झाला.

मग आपण काय केलं ते त्याला कळलं. ती टोपी ओढून काढायला त्याने हात घातला तर वायर चटका बसण्याइतकी तापली होती. फडकं गुंडाळून ओढली, तरी निघाली नाही. आवाज वाढला नाही, कमी झाला नाही. शांतपणे चालू राहिला. आता बंद पडायचं त्याला कारण उरलं नव्हतं.

तो घरात धावला. लोरेन आरशासमोर उभी राहून ओठांना लाली लावत होती. अंगात तिचा चांगला निळा कोट होता.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "लागली नीट."

"चल. माझ्या घरी चल. आत्ता."

"अरे, पण तो…"

"लोरेन, तो गेलाय! आपण पुरलंय त्याला!" थॅड ओरडला. आयुष्यात तो बहिणीवर ओरडला नव्हता. तिचा दंड धरून त्याने तिला पुढच्या दाराने काढलं, आपल्या खटारा गाडीत बसवलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या आपल्या घरापर्यंत एकदाही आरशात पाहिलं नाही. वाटेत ती एवढंच म्हणाली, "किती थकलोय रे आपण सगळे." खरंच होतं ते. तीन महिन्यांत वीस वर्षांनी म्हातारी झाली होती ती, आणि त्याला तिच्यावाचून कोणी नव्हतं. आईबाप नाहीत, बायको नाही, पोर नाही. ही एक गेली की त्याला लहानपणापासून ओळखणारं जगात कोणी उरणार नव्हतं.

त्याने तिला सूप पाजलं, स्वतःच्या पलंगावर झोपवलं, बाहेरच्या दाराला आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून खुर्ची टाकली. रात्रभर जागायचं, एवढंच ठरवलं. बाहेर बर्फ पडत होता. रस्ता मुका झाला होता.

आठच्या सुमाराला तो आवाज आला. खूप लांबून. मोठ्या रस्त्यावरून वळला, गल्लीत शिरला. सावकाश, घाई नसलेला, आठही ठोके सारखे. तीन महिने त्याला त्या गॅरेजच्या दाराबाहेर पडणं जमलं नव्हतं. घरासमोर येऊन तो थांबला आणि जागच्या जागी घुमत राहिला. थॅडने खिडकीचा पडदा बाजूला केला नाही.

"कॅझ," तो दाराशी तोंड नेऊन पुटपुटला, "मेहुण्या… तिला राहू दे. तुझ्याकडे पन्नास वर्षं होती. थोडी मला राहू दे."

इंजिन घुमत राहिलं. तो आवाज त्याच्या पाठीतून, खुर्चीतून, दाढांतून जात होता. ज्या आवाजावर त्याने उभा जन्म ओवाळून टाकला होता तोच तो आवाज, आणि शरीर दमलेलं. अंगाई ऐकल्यासारखी त्याची मान हळूहळू खाली आली. त्याने स्वतःला चिमटे काढले. गालावर मारून घेतलं. आणि तरी झोपला.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. सगळीकडे शांत. खुर्ची जागेवर होती, पण दाराला लागून नव्हे. हातभर पुढे सरकलेली, आणि तो तिच्यात तसाच बसलेला. कडी निघालेली होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून तव्यावर अंडी तडतडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ लोरेनची हाक, "उठलास का? मान अवघडली असेल."

त्याच्या जिवात जीव आला. डोळे भरून आले. ती होती. गेली नव्हती. त्याने दार उघडून थंड हवा छातीत भरून घेतली.

अंगणात गुडघ्याच्या खालपर्यंत बर्फ साचला होता. कडेला, रस्त्याला लागून, गाडीएवढा एक लांबट चौकोन कोरडा होता, काळं डांबर उघडं पडलेलं. चाकांच्या खुणा कुठेच नव्हत्या. आणि दारापासून त्या चौकोनाच्या उजव्या बाजूपर्यंत पावलं गेलेली होती. लहान, अरुंद, बाईच्या चांगल्या बुटांची. जाताना उमटलेली. परत येणारं एकही पाऊल नव्हतं.

थॅडने उंबऱ्यावरूनच ती पावलं पुन्हा एकदा मोजली.

"गार होतंय रे," आतून लोरेन म्हणाली. "ये ना."

तो आत गेला. दुसरं जाणार तरी कुठे होता? अंडी छान झाली होती.

लोरेन अजून त्याच्याकडेच राहते. रांधते, त्याच्या गुडघ्यांना मलम लावते, त्याला टोमणे मारते. लहानपणच्या सगळ्या गोष्टी तिला नीट आठवतात. त्याने हळूच, आडून आडून विचारून पाहिल्यात. तिच्या डोळ्यांखालचं काळं गेलं, आता ती दमलेली दिसत नाही. त्या पावलांबद्दल त्याने तिला कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. फक्त थंडीच्या दिवसांत, सकाळी दोघं दारात उभे राहून गप्पा मारतात तेव्हा, तो तिच्या तोंडाकडे पाहायचं टाळतो. बोलतात दोघं. हवेत वाफ मात्र त्याच्या एकट्याच्याच तोंडातून निघते.