कापलेला वेत

चर्चच्या मागच्या कार्यशाळेत तो शिरला तोच खुर्ची डोक्यावर घेऊन. चौकटीला धडकला आणि तिथे खुर्च्या विणत बसलेल्या तरुणीच्या वेताच्या भेंडोळ्यांत खुर्चीसकट येऊन पडला.

"आंधळी मी आहे," ती म्हणाली. "तुम्हाला काय झालं?"

"मी... मी ऑर्गन वाजवतो," तो गडबडून म्हणाला. जणू धडकायला एवढं कारण पुरेसं होतं!

"तरीच! रविवारी गीताचं तिसरं कडवं आलं की पळत सुटता ते तुम्हीच होय? घरी दूध उतू जात असतं का?"

ऑर्गनपुढच्या त्या खुर्चीची बैठक फाटली होती. तिनं ती चार दिवसांत विणून दिली. तीन आठवड्यांनी तीच खुर्ची परत आली. पुन्हा फाटलेली, पुन्हा त्याच्याच डोक्यावर.

ती वाढली त्या घरात तिला कुणी साधी कपबशीसुद्धा विसळू दिली नव्हती. "तू बस गं," हेच ऐकत ती तिशीला आली. इथे मात्र पास्टरबाईंनी पहिल्याच दिवशी भिजवलेला वेत तिच्या हातात दिला, आणि चुकलं तेव्हा सगळं उसवायला लावलं. किती बरं वाटलं होतं तिला! पूर्वी ती देवाकडे डोळे मागायची. आता कामाला बसताना म्हणायची, "प्रभू, आजची वीण सैल पडू देऊ नकोस."

खुर्ची तिसऱ्यांदा आली तेव्हा तिनं बैठकीवरून बोट फिरवलं... आणि ते थबकलं. झिजून तुटलेल्या वेताला कुसं येतात. ही टोकं गुळगुळीत होती.

"हा सुरीनं कापलाय."

तो एक पाऊल मागे सरला.

"काम नसेल तर आणू नका. पण खोटं काम नको." तिनं खुर्ची त्याच्याकडे ढकलली. "दया करायला घरचे पुष्कळ होते."

"दया कसली, अहो... भीती! दोनदा रिकाम्या हातांनी फाटकापर्यंत आलो आणि तसाच माघारी गेलो. खुर्चीशिवाय इथे येऊन सांगणार काय?" मग हळूच म्हणाला, "तिसरं कडवं आता सावकाश वाजवतो. ऐकलंत?"

ऐकलं होतं. दोन रविवार ऐकलं होतं, आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

"कापलंत तुम्ही," ती म्हणाली, "आता विणायचंही तुम्हीच. बसा."

तो बसला. घाम गाळून त्यानं चार ओळी घातल्या. तिनं बोट फिरवलं.

"उसवा."

पुन्हा चार ओळी.

"उसवा."

जाता जाता पास्टरबाई डोकावल्या. "काय गं, रविवारपर्यंत तरी होणार का ही खुर्ची?"

"यांना शिकवायचं म्हणजे जन्म जाईल, बाई!"

बाई हसत निघून गेल्या. त्याचे हात मात्र थांबले होते.

"मग... घालवाल? माझ्यासाठी... जन्म?"

ती पाण्याच्या घमेल्याकडे वळली. नको तितका वेळ पाण्यात हात घालून बसली. मग एक लांबलचक पट्टी काढून तिचं टोक त्याच्या तळहातावर ठेवलं.

"विणा लवकर. वेत वाळतोय."

पण आपल्या हातातलं टोक तिनं सोडलं नाही.