बसवलेला माणूस

"भाई आडवा का होत न्हाई?"

दानिशनं हे अम्मीला विचारलं, मौलानांना विचारलं, कराडच्या डॉक्टरांनाही विचारलं.

फरदीन त्याचा थोरला भाऊ. त्याला पणजोबांचा नाद लागला होता. कुतुबुद्दीन पणजोबा बेचाळीसच्या चळवळीत घर सोडून प्रतिसरकारच्या तुफान सेनेत गेले, ते उंब्रजला परत आलेच नाहीत. कबरच नाही, तर फातिहा कुठं पढायचा? घरातला एकुलता एक फोटो घेऊन फरदीन गावोगाव फिरला. शेवटी पलूसच्या बाजूला एका मळ्यात माग लागला.

तिथून परतला त्या संध्याकाळपासून तो भिंतीला टेकून मांडी घालून बसला, तो बसलाच. झोपही तशीच. आडवा करायला गेलं की ओरडायचा, "नको... जागा न्हाई!" बसल्या बसल्याच गेला. गुस्लच्या, म्हणजे मयताला आंघोळ घालायच्या वेळी त्याचे गुडघे दानिशनं स्वतःच्या हातांनी दाबून सरळ केले. तो कटकन झालेला आवाज अजून त्याच्या कानात होता.

चाळिसाव्याला दानिश भावाच्या कबरीवर गेला, तर पायाकडची माती जशीच्या तशी. उशाकडची मात्र खाली खचलेली. गोल. एक माणूस मांडी घालून बसेल एवढीच.

दानिश सातवीतून शाळा सोडलेला. विचार करत बसणं त्याला कधी जमलंच नाही. कुणाला न सांगता त्यानं मोटरसायकलला कुदळ-खोरं बांधलं आणि पलूसचा मळा गाठला.

आप्पासो गोठ्यापुढं बसले होते. नव्वदी ओलांडलेले लिंगायत शेतकरी. खोरं बघून म्हणाले, "पाणी पाजायला आलास व्हय? उशीर केलास गड्या, लाइट गेली."

"आवं, मी फरदीनचा भाऊ. उंब्रजचा."

म्हाताऱ्याचं हसू विझलं. "त्यो फोटोवाला? बरा हाय न्हवं?"

"वारला."

आप्पासोंनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "फोटोतला त्यो गोळी लागल्याला माणूस आमच्या आबांनी लपवला हुता. सिद्धू म्हणायचा सोताला. भूमिगताला खरं नाव विचारायचं न्हाई, असा तवाचा कायदा. त्यो गेला... आबांनी आपलाच समजून आपल्या रीतीनं पुरला."

"म्हंजी?"

"आमच्यात बसवत्यात, पोरा. मांडी घालून."

दानिशनं मोटरसायकलवरची कुदळ सोडवली. एवढी वर्षं बसलेला माणूस! "भाईला सांगितलंत हे?"

"सांगितलं की. त्यो त्या जागेवरच मांडी घालून बसला. हसत म्हणाला, पणजोबा... सरका जरा."

जागा उसाच्या कडेला, लिंबाखाली होती. दिवस मावळत होता. दानिशनं आधी शेजारी लांब खड्डा खणला. मग ती गोल जागा उकरली. हाडं एकेक करून उचलली, पश्चिमेकडं तोंड येईल अशी उजव्या कुशीवर मांडली. येत होतं तेवढं पढला. निम्मं विसरला होता. एवढा वेळ सळसळणारा ऊस एकदम गप्प झाला.

तेवढ्यात गोल खड्ड्याची मागची माती ढासळली.

आत पांढरं कापड होतं. कोरं. ओलसर. आणि वास आला अत्तराचा. उंब्रजच्या बाजारातून त्यानंच आणलेलं, भावाच्या कफनाला त्यानंच लावलेलं अत्तर. कापडाखाली दोन गुडघे वर आले होते.

"किती जण हायत रं तितं?" बांधावरून आप्पासोंनी विचारलं.

दानिशनं कुदळ उचलली आणि लांब खड्डा आणखी एका माणसाच्या मापानं रुंद केला. मग गोल खड्ड्यात उतरला, भावाच्या कफनाला मिठी घातली आणि त्याला ओढत पणजोबांच्या शेजारी आणलं.

"जागा केलीय, भाई... झोप आता."

दोन्ही तळवे त्यानं त्या गुडघ्यांवर ठेवले. कापड गार होतं, आतले गुडघे मात्र कोमट. डोळे गच्च मिटून तो हळूहळू दाबू लागला.