पाच स्क्वेअरची वायर

बोईसरच्या एमआयडीसीत बावीस वर्षं वायरिंग तपासतोय, पण ‘निम्मी’ हा शब्द ऐकला की अजून डोकं फिरतं. फेजची वायर सहा स्क्वेअरची, म्हणजे सहा चौरस मिलिमीटर छेदाची, मग अर्थिंगची निम्मी, तीनची मिळत नाही तर घाल अडीचची! कुणी शिकवलं हे, देव जाणे. मोटर ड्राइव्हवर, म्हणजे वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर, चालत असेल तर थोडा करंट सतत गळून अर्थिंगमधून जमिनीत जातो. तिथे तांब्याची निदान दहा स्क्वेअरची वायर हवी. बारीक वायर तुटली, की तोच करंट मोटरला हात लावणाऱ्याच्या अंगातून जातो.

त्या रंगाच्या कारखान्यात हात लावणारी होती तानी. घिवलीहून यायची आणि दिवसभर मिक्सरपाशी उभी असायची.

“मोटर हात धरते, साहेब,” ती म्हणाली. “ओढून सोडवावा लागतो.”

मॅनेजर दिग्विजय हसला. “झिणझिण्या येत असतील. तुम्ही फॉर्मवर सही करा ना, मला प्लांट चालवायचाय.”

मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. अडीचची वायर काढायला लावली, समोर उभं राहून दहाची ओढून घेतली, टोकं स्वतः आवळली आणि दोन्हीकडे माझं सील लावलं. क्लॅम्प मीटरचा चिमटा वायरभोवती धरला. अठ्ठेचाळीस मिलिअँपिअर. तीन दिवस रीडिंग घेईन आणि मगच सही, असं सांगून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरनं चोवीस दाखवले.

वायर हाताला बारीक लागली. हिरव्या-पिवळ्या आवरणावर छापलं होतं, ५. मी दिग्विजयवर तोंड सोडलं, चोर म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो. मग सील पाहिलं. ते जसंच्या तसं होतं. आणि तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की पाच स्क्वेअरची वायर बाजारात मिळतच नाही. चारची मिळते, सहाची मिळते.

“मग उरलेला निम्मा करंट जातोय कुठं?” मी ओरडलो.

तानी मनगट चोळत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा मिलिअँपिअर. आवरणावर २.५.

माझं टाळकं सटकलं. मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मिक्सर थांबला. वायरमध्ये शून्य.

“तानी, मोटरवरचा हात काढ,” मी मान वर न करताच म्हणालो.

“कवाच काढलाय.”

आवाज मागून आला. ती दहा पावलांवर, पाण्याच्या पिंपाशी उभी होती.

“मी सोडलाय, साहेब. तिनं नाय सोडला.”

मी तिचं मनगट धरलं आणि चिमटा त्याभोवती बसवला.

अठ्ठेचाळीस.

दिग्विजयनं वाकून आकडा वाचला. आता तरी याला लाज वाटेल, असं मला वाटलं.

“जमिनीत जातोय ना? झालं तर मग,” तो म्हणाला आणि त्यानं माझ्या बॅगेतून फॉर्म काढला.

त्याची गचांडी धरायला मी हात उचलू गेलो. उचलेना. तानीच्या मनगटावरून माझी बोटं सुटत नव्हती.

दिग्विजयनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘अर्थिंगच्या वायरी किती’ या रकान्यात त्यानं नीट अक्षरात लिहिलं, दोन.