गाळलेलं बोलणं

बाबा पोह्यांवर लिंबू पिळत बोलत होते आणि हेमांगीच्या कानात ‘सारिका’ ते बोलणं आटवून सांगत होती : ‘मित्राकडे, देशकरांकडे जाऊन आलो. त्यांचा गुडघा बरा आहे.’

सारिका म्हणजे कानामागे बसवायचं शेंगदाण्याएवढं यंत्र. समोरच्याचा आवाज दाबून, त्यातलं पाल्हाळ, अडखळणं, पुनरुक्ती गाळून ते नेमकं तेवढं ऐकवी. ‘लांबलचक बोलणं ऐकवत नाही’ अशी तक्रार घेऊन माणसं डॉक्टरांकडे जाऊ लागली, तेव्हा ते आलं आणि बघता बघता चष्म्याइतकं साधं झालं.

कान खाजू लागला म्हणून हेमांगीने यंत्र काढून टेबलावर ठेवलं. बाबांचा खरा आवाज तिला कितीतरी दिवसांनी ऐकू आला. तो घोगरा झाला होता.

“देशकरांनी अंगणात पेरूचं झाड लावलंय. कलमी. त्यांच्या विहीणबाईंनी दिलं म्हणे...”

तिचं मन गॅसवरच्या दुधाकडे गेलं, तिथून ऑफिसात. ती भानावर आली तेव्हा बाबा म्हणत होते, “देशकरांनी अंगणात पेरूचं झाड लावलंय. कलमी.”

“बाबा, हे आत्ताच सांगितलंत ना?”

“नाही गं. आत्ता तर सुरुवात केली.”

यंत्र पुनरुक्ती गाळतं. किती महिने हेही गाळत आलं असेल? की बाबा एकदाच बोलले आणि घसरलं ते आपलंच मन? लक्ष विस्कटलं की एकच वाक्य दोनदा ऐकल्यासारखं वाटतं, असं तिला डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

“तुम्हाला हल्ली विसरायला होतं का?”

बाबांनी लिंबाची फोड बशीत ठेवली. “हे तू मघाशीही विचारलंस, हेमा.”

तिला आठवेना.

“त्रास होत असेल तर लाव ते यंत्र,” ते समजुतीने म्हणाले. “मला सवय झालीय.”

“नको. तुम्ही बोला. अगदी पहिल्यापासून.”

तिने खुर्ची जवळ ओढली. बाबा बोलू लागले. देशकर, विहीणबाई, मग आईने सरकारी क्वार्टरमागे लावलेली पपई. हेमांगी एकेक शब्द धरून ठेवू पाहत होती. पुढचा पकडावा तर मागचा निसटत होता.

बाबा थांबले.

“तर मी काय सांगत होतो?”

बाबा हेमांगीची परीक्षा घेत होते, की त्यांना खरंच आठवत नव्हतं? आणि दोन्हींपैकी काहीही असलं, तरी ते काय सांगत होते हे तिला तरी कुठे आठवत होतं?