अखंड टाळू

रुग्णालयात सगळे तिला कवळीवाली म्हणत. तळघरातल्या खोलीत प्लॅस्टर कालवून कालवून तिच्या बोटांची सालपटं निघाली होती आणि कंबर तर केव्हाच कामातून गेली होती. म्हाताऱ्यांच्या कवळ्या रोजच्याच. अधूनमधून टाळू दुभंगलेल्या बाळांसाठी भेग बुजवणाऱ्या पट्ट्या.

हे बाळ वेगळं होतं. टाळू दुभंगलेली, कानांना भोकं नाहीत, पापण्या एकमेकींना जुळलेल्या. एकेक व्यंग तिने पाहिलं होतं. तिन्ही एकाच जिवात डॉक्टरीणबाईंनीही पाहिली नव्हती. पाजलेलं दूध नाकातून परत यायचं. नळी सोसत नव्हती. वजन रोज उतरत होतं.

"ताई, आज होईल ना पट्टी?" बाळाच्या आईने विचारलं. तिचे डोळे जागून जागून सुजले होते.

"होईल गं. मापच चुकतंय मेलं."

दोनदा माप घेऊन झालं होतं. दोन्ही वेळा तिने भेग बोटाने चाचपली, मऊ लगदा दाबून धरला, घट्ट झाल्यावर काढून त्यात प्लॅस्टर ओतलं. दोन्ही साच्यांत टाळू अखंड निघाली.

"घरी जाऊन झोपा जरा," डॉक्टरीणबाई हसल्या. "एवढी भेग हरवलीत कुठे?"

तिसऱ्या वेळी बाळ रडलं नाही. त्याने तोंड तिच्याकडे वळवलं आणि तिचं बोट हिरड्यांत धरून ठेवलं. बराच वेळ.

तिसरा साचाही अखंड. मधोमध गव्हाच्या दाण्याएवढा उंचवटा, डावीकडे झुकलेला.

साचा हातात घेऊन ती बसून राहिली. मग जीभ स्वतःच्या टाळूवरून फिरवली.

मधोमध उंचवटा. डावीकडे झुकलेला.

अखंड टाळूवर केलेली पट्टी भेग कशी बुजवणार? पण चौथं माप घ्यायचं त्राण तिच्यात नव्हतं, आणि द्यायचं बाळात. तिने त्याच साच्यावर पट्टी केली.

ती चपखल बसली. बाळ गटागटा प्यायलं. नाकातून थेंबही आला नाही.

"ताई, प्यायलं हो!" आईने बाळाला उराशी धरलं.

तिने हात धुतले आणि पिशवी उचलली.

जिन्यात येऊन तिने नवऱ्याला फोन लावला. "निघाले मी. जेवण गरम करून ठेवा."

"अगं, सर्दी झाली का? नाकातून काय बोलतेस?"

नाही म्हणायला तिने जीभ टाळूकडे नेली.

जीभ वर जात राहिली.