साठ पौंड हवा

"ब्रेक एकदम नको दाबूस, उन्नती, हळू घे," खालून भाविक ओरडला. पण तोवर उन्नतीची सायकल अकलोलीच्या टेकडीवरची दुसरी पायरी सोडून हवेत गेली होती.

पुढचं चाक जमिनीला टेकलं. धक्के झेलणारा हवेचा शॉकअप दबला, आणखी दबला आणि खाड्‌दिशी आपटला. सायकलने नाक खुपसलं नि उन्नती हँडलवरून थेट वाळक्या गवतात.

नेत्रा पहिली पोचली. "हात हलव. पाय हलव. माझं नाव काय?"

"नेत्रा. आणि तू माझ्या पायावर उभी आहेस."

"डोकं शाबूत," नेत्राने जाहीर केलं. "हेल्मेटला नमस्कार कर. गुडघा मात्र सोलवटलाय."

मागून मनोजमामा धापा टाकत आले. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून मामांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्या पाहुण्यांना डोंगरी सायकली भाड्याने द्यायच्या. बारा सायकली आल्या होत्या, रविवारी उद्घाटन होतं. त्याआधी मामांचा मुलगा भाविक, त्याची आतेबहीण उन्नती आणि शेजारची नेत्रा त्या चालवून बघत होते.

मामांनी उन्नतीला उठवलं, गुडघा पाहिला, आणि मग शॉकअपवर बसवलेल्या काडेपेटीएवढ्या डबीकडे पाहिलं. तिच्यावरचा लाल दिवा लुकलुकत होता.

ती डबी म्हणजे मामांचा जीव की प्राण. परदेशातून मागवलेली. फोनमध्ये आपलं वजन टाकायचं, की शॉकअपमध्ये किती हवा भरायची ते ती सांगायची. मग उतारावर हवा बरोबर असेल तर हिरवा दिवा, नसेल तर लाल.

"हवा कमी आहे," मामा म्हणाले. "मघाशी माझीही सायकल अशीच आपटली, माझाही दिवा लाल. यंत्र काही खोटं बोलत नाही. हवा कोणी भरली? त्या सायकलवाल्या रवींद्रने. डबीने सांगितलेल्या हवेची यादी हातात दिली होती त्याच्या, नुसते आकडे बघून भरायची होती. पोरीची मान मोडली असती म्हणजे?"

उन्नतीने खाली पाहिलं. रवींद्रदादाने हवा कमी भरलेली नाही, हे त्या टेकडीवर तिच्याएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी मामांच्या ओटीवर भाविक फोन घेऊन बसला होता. "नेत्रा, वजन?"

"अडतीस."

"माझं बावन्न. उन्नती?"

आणि उन्नतीच्या तोंडून, कोणी मागून ढकलल्यासारखं, "अठ्ठेचाळीस" निघून गेलं. खरं वजन होतं एकसष्ट. शाळेतल्या तपासणीत तो आकडा मोठ्याने वाचला गेला, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी शिट्टी मारली होती. ती शिट्टी अजून कानातून गेली नव्हती. भाविकने मान वर न करता आकडा टाकला. यंत्र म्हणालं, साठ पौंड.

संध्याकाळी मामांनी टेम्पो राहनाळच्या नाक्यावर, रवींद्रदादाच्या सायकल दुकानासमोर थांबवला. मुलं मागे सायकलींमध्ये बसली होती. बाजूच्या टपरीवर गोडाऊनमधली माणसं शिफ्ट सुटल्यावर चहा पीत होती. त्या सगळ्यांच्या देखत मामा कडाडले, "उद्यापासून माझ्या सायकलींना हात लावायचा नाही. ठाण्याहून माणूस बोलावतो मी."

"शेठ, यादीत लिहिली तेवढीच भरली मी," रवींद्रदादा म्हणाला. त्याच्या हातात नवा कोरा पंप होता, याच कामासाठी आणलेला. "तुम्हीच म्हणालात, यादीच्या बाहेर जायचं नाही."

"म्हणजे यंत्र खोटं?"

टपरीवरची डोकी वळली. कोणीतरी हळूच हसलं. हाच माणूस उद्या आपली सायकल, आपल्या पोराची सायकल रवींद्रदादाकडे टाकताना दोनदा विचार करणार, हे उन्नतीला कळत होतं. रवींद्रदादा मात्र मामांशी भांडला नाही. टेम्पोच्या मागे आला आणि त्याने तिच्या गुडघ्यावरची पट्टी पाहिली.

"माझ्याकडून कुठेतरी चुकलं असेल, बेटा," तो म्हणाला. "माफ कर."

उन्नतीला बोलायचं होतं. ओठापर्यंत सगळं आलं होतं. पण तिच्या तोंडून जे निघालं ते असं होतं, "ठीक आहे."

ठीक आहे! घरी जाऊन ती जेवली नाही. आजीला वाटलं, पोर पडून घाबरली. आजीने हळद लावली, अंगावरून हात फिरवला. मायेचा तो हातही उन्नतीला नकोसा झाला.

सकाळी नेत्रा वही घेऊनच हजर झाली. "मला हे पटत नाही," ती म्हणाली. "भाविक, पंप जोड. आत किती हवा आहे बघू."

भाविकने घरातला पंप उन्नतीच्या सायकलच्या शॉकअपला लावला. काटा साठवर जाऊन थांबला.

"यादीत साठ, आत साठ. रवींद्रदादा सुटला," नेत्राने लिहिलं.

"मग डबीचं डोकं फिरलंय."

"तुझा दिवा हिरवा, माझा हिरवा. फक्त उन्नती आणि मनोजकाका लाल. माणसं बघून डोकं फिरतं का तिचं?"

"पप्पांना बघून माझंही फिरतं कधी कधी," भाविक म्हणाला. मग त्याला काही सुचलं. शॉकअपच्या दांडीवर एक रबराची चकती असते. ती खाली सरकवायची, सायकलवर बसायचं आणि उतरून बघायचं, ती किती वर गेली. "पाव दांडी गेली की हवा बरोबर. रवींद्रदादा असंच करतो. पप्पा म्हणतात, जुनाट पद्धत."

भाविक बसला, पाव दांडी. नेत्रा बसली, पाव दांडी.

"उन्नती, बस."

"गुडघा दुखतोय."

"बसायचंय फक्त, नाचायचं नाहीये."

उन्नती बसली आणि उतरली. चकती निम्म्या दांडीवर गेली होती. नेत्राने लिहायला पेन्सिल टेकवली आणि ती तशीच राहिली.

"डबीला आपण एकच गोष्ट सांगितली होती," ती सावकाश म्हणाली.

"कोणती?" भाविकने विचारलं.

नेत्राने वही मिटली. उन्नतीकडे पाहायचंही तिने टाळलं. मैत्रिणीने आपल्यासाठी नजर दुसरीकडे वळवावी, याने उन्नतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चला," उन्नती म्हणाली. "गोडाऊनवर."

मामांच्या गोडाऊनमध्ये कापडाचे तागे उतरत होते. मधोमध जमिनीत बसवलेला वजनकाटा आणि वर भिंतीवर लाल आकड्यांची मोठी पाटी, ट्रकवाल्याला केबिनमध्ये बसून वाचता यावी एवढी. मामा फोनवर ठाण्याच्या माणसाशी बोलत होते. आजी जेवणाचा डबा घेऊन नुकतीच आली होती.

उन्नती सरळ चालत गेली आणि काट्यावर उभी राहिली.

एकसष्ट पूर्णांक चार.

"मामा, वर बघा." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मी अठ्ठेचाळीस सांगितलं होतं. मला लाज वाटली म्हणून. डबीने साठ पौंड सांगितली ती माझ्या खोट्यावरून. रवींद्रदादाने बरोबरच भरली होती."

मोरू हमाल खांद्यावरचा तागा उतरवायचा विसरला. उन्नती शिट्टीची वाट बघत उभी होती. शिट्टी आली नाही.

"अगं, मग कालच नाही का..." मामा म्हणाले. फोनमधून ठाण्याचा माणूस हॅलो हॅलो करत होता. त्यांनी तो बंद केला. "पण मग माझी सायकल का आपटली?"

"मनोजकाका, तुम्ही किती सांगितलंत?" नेत्राने विचारलं.

"बहात्तर. माझं बहात्तरच आहे."

"मग चढा ना, पप्पा," भाविक म्हणाला.

"आत्ता? माल उतरतोय."

"थांबलाय, शेठ," मोरू म्हणाला.

मामा चढले. आकडा बघून त्यांनी चपला काढल्या. मग फोन काढला. मग गोडाऊनच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. पाटी अठ्ठ्याऐंशीच्या खाली यायला तयार होईना.

"बहात्तर तं तू लग्नान होतास," आजी म्हणाली. "त्याला सतरा वर्सं झाली न्हाय का?"

हमाल हसले. मामाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

आजीने उन्नतीला जवळ ओढलं. "सगल्यांच्या म्होरं काट्यावर उभी रायली पोर. तुमच्यात कोनाची हाय का एवरी हिंमत?"

"आजी, नको ना," उन्नती म्हणाली. मामांचंही खोटं निघालं म्हणून तिचं लहान होत नव्हतं. मामांना ते माहीत नव्हतं, तिला होतं. "हिंमत असती तर काल टेम्पोतच बोलले असते."

मामा खाकरले. "रवींद्रला फोन करतो मी."

"फोन नको, मामा. काल तुम्ही नाक्यावर बोललात, सगळ्यांसमोर. आणि मी बसून ऐकलं."

मामांनी चपला घातल्या. मग किल्ल्या उचलल्या.

संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी टेम्पोत उन्नतीची सायकल टाकून सगळे नाक्यावर पोचले. टपरीवर तीच माणसं होती. मामांनी घसा साफ केला आणि मोठ्यानेच म्हणाले, "रवींद्र, काल मी चुकीचं बोललो. तुझी हवा बरोबर होती, आमची वजनं खोटी होती. सायकली तुझ्याकडेच राहतील. ठाण्याहून कोणी येत नाही."

रवींद्रदादाने टेम्पोतून सायकल उतरवली.

"मग डबी फेकून द्यायची?" भाविकने विचारलं.

"कशाला?" रवींद्रदादा म्हणाला. "टेकडीवर शॉकअप कितीदा आपटला ते मला इथे बसून कळत नाही. ते ती सांगते. पण बसलेल्या माणसाची हवा ठरवायला रबर आणि डोळे पुरतात. शेठ, पाहुण्यांना वजन विचारूच नका. बसवा आणि बघा. नाहीतर अर्धी टेकडी लाल होईल."

टपरीवर हशा पिकला. मामाही त्यात होते.

"बस, बेटा," रवींद्रदादा म्हणाला. उन्नतीला अंग चोरावंसं वाटलं, पण ती सायकलवर पूर्ण भार टाकून बसली. तो उकिडवा बसून रबर बघत होता. त्याने थोडी हवा भरली, पुन्हा तिला बसवलं, आणखी थोडी भरली. शेवटी काटा पाहिला. "पंच्याहत्तर. आता ही तुला फेकणार नाही."

"दादा, काल तुम्ही माझी माफी मागितलीत."

"हं."

"ती परत घ्या. आणि माझी ठेवा."

रवींद्रदादाने पंपाची नळी पुसली, गुंडाळली आणि तिच्याकडे पाहिलं.

"घेतली," तो म्हणाला. "ठेवली."