हिराल्दाची चढण

दत्ताराम खोबरेकर देवबागचे, पण त्यांना मरण आलं स्पेनमधल्या सेव्हिल शहरात, भर उन्हात, नदीकाठच्या धक्क्यावर. तिथल्या इस्पितळानं उष्माघात असं लिहून दिलं आणि पोलिसांच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं.

त्यांच्या बायकोच्या दृष्टीनं ते मिटलं नव्हतं. वर्षश्राद्ध जवळ आलं तशा मथुराबाई मालवणात सुभद्रा आचरेकरांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सुभद्रानं मुंबईत विमा कंपन्यांसाठी तपासाची कामं करण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. आता गावी राहून ती लोकांची अडलेली कोडी सोडवून देई. शेजारचे गुरुदास, बँकेतून निवृत्त झालेले, मोटारसायकलवरून तिला सगळीकडे नेत आणि बरेचदा तिच्या आधी निकाल देऊन मोकळे होत.

"माझ्या घोवाक उन्हात एकट्याक कोणी सोडल्यान, ता माका कळाक व्हया," मथुराबाई म्हणाल्या.

हकिगत अशी. दत्ताराम तरुणपणी मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. एकदा बोट स्पेनच्या कादिझ बंदराला लागली, सोबती सेव्हिल बघून आले, यांना मात्र रजा मिळाली नाही. ती रुखरुख जन्मभर राहिली. सोबत्यांनी सांगितलेल्या गोष्टी ते घरी इतक्यांदा सांगत, की मथुराबाईंना पाठ झाल्या होत्या. नदीतून मोठी गलबतं थेट शहरात यायची म्हणे. आणि तिथल्या मोठ्या चर्चला लागून एक उंच मनोरा, त्यावर जुन्या काळी, तिथं मशीद होती तेव्हा, बांग देणारा चक्क घोड्यावर बसून चढायचा. मथुराबाई हसायच्या. खलाशाच्या थापा, दुसरं काय.

शेवटी पोरांनी त्यांना नेलं. मुलगा विनीत, सून तेजस्वी आणि लेक दीपिका. मथुराबाईंचे गुडघे धरलेले, त्या घरीच राहिल्या.

घात झाला त्या सकाळी दत्तारामांनी त्या मोठ्या चर्चच्या दारातून व्हिडिओ कॉल केला होता. डोक्यावर निळ्या फितीची गवती टोपी होती, दारातल्याच विक्रेत्याकडून नुकतीच घेतलेली. मथुराबाईंनी त्याचा फोटो फोनवर जपून ठेवला होता. तो दाखवून त्यांनी इस्पितळातून आलेली पिशवी उघडली. चष्मा, घड्याळ, जानवं. टोपी नव्हती.

"खंय तरी पडली असतली," गुरुदास म्हणाले.

चर्चच्या आवारात संत्र्याच्या झाडांची बाग आहे. चर्च बघून झाल्यावर दत्ताराम तिथं सावलीत बसले. हृदय अधू, मनोरा चढणं शक्य नव्हतं. विनीत समोरच्या अल्काझार राजवाड्याच्या रांगेत उभा राहिला. नणंद-भावजयींपैकी एकीनं मनोरा बघायचा आणि एकीनं बाबांपाशी थांबायचं, असं ठरलं. पण बाबांपाशी कुणीच थांबलं नाही, आणि ते उठून नदीच्या दिशेनं चालू लागले. दीपिका म्हणत होती, मी वर गेले होते, वहिनी खाली होती. तेजस्वी म्हणत होती, वर मी गेले, खाली ताई होती.

मथुराबाईंनी आपल्यापुरता निवाडा केव्हाच दिला होता. सुनेला त्यांनी माहेरी, जामसंड्याला धाडलं होतं.

"माझा चेडू खोटा बोलाचा नाय," त्या म्हणाल्या. गुरुदासांनी मान डोलावली. दीपिकाला त्यांनी परकर-पोलक्यात असल्यापासून पाहिलेलं.

सुभद्रा आणि गुरुदास आधी देवबागला गेले. खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या वाळूवर खोबरेकरांचं घर, मागं पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. दीपिका श्राद्धासाठी मुंबईहून आली होती. न अडखळता तिनं सगळं सांगितलं. मनोऱ्याचा जिना अंधारा, पायऱ्या संपता संपत नाहीत, वर पोचेपर्यंत पाय थरथरायला लागले, असं म्हणाली. नंबरांची देवघेव झाल्यावर तिचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो सुभद्राच्या फोनवर उमटला. अर्धवर्तुळाकार भव्य इमारत, पुढं कालवा, कालव्यात वल्ह्याची होडी आणि होडीत गवती टोपी घातलेली, हसणारी दीपिका. टोपीला निळी फीत.

गुरुदासांनी सहज विचारलं, ही जागा कुठली. प्लाझा दे एस्पान्या, दीपिका म्हणाली. आदल्या संध्याकाळी सगळेच तिथं गेलो होतो, तेव्हाचा फोटो. विनीतनं त्याला दुजोरा दिला. संध्याकाळी तिथं गेलो होतो हे खरं. सुभद्रानं त्याला एवढंच विचारलं, की टोपी घेतल्यावर बाबा कुठं कुठं गेले. कुठंच नाही, तो म्हणाला, दारातून थेट चर्चमध्ये आणि तिथून बागेत. बायकोबद्दल विचारल्यावर त्यानं खाली बघून सांगितलं, आईच्या मनाविरुद्ध काय बोलणार.

जामसंड्याला तेजस्वी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. आता कशाला विचारता, असंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

"मी वरपर्यंत गेलंयच नाय," ती म्हणाली. "आत सगळी चढण. अशी सोपी, घाटीसारखी वळत जाणारी. अर्ध्यार गेल्यावर मनात इला, ह्या तर मामंजींकपण जमात. हळूहळू बसत बसत नेऊया. म्हणान तेंका आणूक खाली इलंय. बाकड्यार कोणीच नाय होता."

परतीच्या वाटेवर गुरुदास म्हणाले, वरपर्यंत गेलीच नाही म्हणते, म्हणजे हिचंच खोटं. 

दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना देवबागच्या पडवीत बसवलं. तेजस्वीही आली, उंबऱ्याबाहेरच्या बाकावर बसली. कचेरीत बोलावं तशी सुभद्रा शुद्ध मराठीत बोलू लागली.

"मथुराताई, तुमच्या यजमानांनी थाप मारली नव्हती. घोडा जिना चढत नाही. माणूस घोड्यावरून मनोरा चढत असेल तर आत पायऱ्या नसणार, चढणच असणार. काल घरी जाऊन मी पडताळून पाहिलं. हिराल्दा नाव त्या मनोऱ्याचं. टोकाच्या थोड्या पायऱ्या सोडल्या तर सगळा चढणीचाच रस्ता. तेजस्वीनं तेच सांगितलं. न संपणारा अंधारा जिना सांगितला तो दीपिकानं. जी वर गेलीच नाही, तिनं मनोरा म्हणजे जिना असणारच, असं धरलं."

दीपिका म्हणाली, वर्ष झालं, मला नीट आठवत नसेल.

"असेल. पण टोपी त्या सकाळी चर्चच्या दारात घेतली. दारातून बाबा सरळ आत गेले. मग ती आदल्या संध्याकाळच्या होडीत तुझ्या डोक्यावर कशी? तो फोटो त्याच दुपारचा आहे. मनोरा चढायला तेजस्वी गेली आणि तू होडीत बसायला गेलीस. बाबांची टोपी घेऊन."

गुरुदासांनी दीपिकाकडे पाहिलं. ती नाही म्हणेल, अशी त्यांना अजून आशा होती.

"मी मागितली नव्हती," दीपिका म्हणाली. मुंबईची मराठी गळून पडली होती. "बाबांनीच घातल्यानी माझ्या डोक्यार. म्हणाले, जा गो, होडयेत बसान ये, माका हंय सावली आसा. तेवढ्यात येतलंय असा वाटला. माका काय म्हायत, ते उठान नदी बघूक जातले."

ते गलबतांची नदी बघायला गेले होते, तळपत्या उन्हात, उघड्या डोक्यानं. 

 मथुराबाईंनी सुभद्राकडे वळून विचारलं, "ह्या आता गावात कळतला?"

"माझ्याकडून नाही."

"मग ऱ्हवांदे," त्या म्हणाल्या. "तिचा लगीन ठरलासा."

गुरुदासांना वाटलं, आता त्या सुनेकडे वळतील. त्या उठून आत गेल्या. दीपिका त्यांच्या मागोमाग गेली.

विनीत बायकोसमोर येऊन उभा राहिला. बॅग भरून ठेव, उद्या आणायला येतो, असं काहीसं पुटपुटला. तेजस्वीनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"आवयक खरा ठावक नाय होता. तुका माझो स्वभाव ठावक होतो," ती म्हणाली. "वरीसभर तू एकदा तरी विचारलंस?"

 उत्तरासाठी न थांबता ती अंगणात उतरली.

गुरुदासांनी तिला मोटारसायकलवरून मालवणच्या स्टँडवर सोडलं. आपणही तिलाच खोटी ठरवली होती, हे सांगावं असं वाटेत दोनदा त्यांच्या ओठांवर आलं, पण वाऱ्यात ते राहून गेलं. जामसंड्याकडे जाणारी देवगडची गाडी लागलेली होती. खिडकीत बसल्यावर तिनं विचारलं, "काकानू, ती नदी हयच्या खाडयेसारखी दिसता. धक्क्याजवळ होडये बांधलेले असतत. मामंजींनी पडाच्या आधी बघल्यानी असतली ना?"

गुरुदास हो म्हणाले. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.